निजलेला भोवरा

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. भोवऱ्याचा विषय निघाला की मी चहा मागायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही धुळ्याहून धरणगावजवळच्या माझ्या सासुरवाडीला जायचो. आमरस रिचवून झाला की हमखास वीज जायची आणि नवाकोरा टीव्ही मुका व्हायचा. अशाच एका दुपारी बायकोचे थोरले भाऊ, आमचे आबा, बाभळीची फांदी घेऊन आले. "चला पाव्हना, भवरा बनाडूत!" भोवऱ्यात सगळं गाव त्यांना वस्ताद मानायचं.

वाकसाने दोन ठोकळे तासले, कानशीने गोल केले, काचेच्या तुकड्याने खरवडले. दोन्हींना गेरू फासला. शेवटी खिळा. आबांनी बैलाच्या नालेचा जुना खिळा ठोकला, मी दुकानातला. खिळा बरोबर मधोमध बसला तर भोवरा फिरताना जागचा हलत नाही; त्याला 'निजला' म्हणतात. आबांचा तळहातावर निजला. माझा दारू प्यायल्यासारखा अंगणभर हिंडला.

"भाऊजी, तुमना भवराले झोप येस नही का?" मेव्हण्या खिदळल्या.

संध्याकाळी पैज ठरली. ज्याचा भोवरा जास्त वेळ निजेल, तो जिंकला. आबा हातपाय धुवायला गेले आणि मी कोनाड्यातल्या भोवऱ्यांची अदलाबदल केली. रंग एक, आकार एक, कोणाला कळणार?

पण दोरी गुंडाळायची ती खिळ्यापासून. आबांनी दोरी लावली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर भर अंगणात माझी अब्रू गेली असती. पण आखाजीला आलेल्या जावयाला कोणी उणं बोलत नाही. आबांनी मुकाट्याने दोरी गुंडाळली आणि भोवरा फेकला. तो डगमगत तुळशीपर्यंत गेला नि आडवा झाला. माझ्या हातातला निजला.

सासरे ओरडले, "बठ्ठा गावले शिकाडस ना? आते जवाईकडथून शिक!"

आबा हसले. "जवाईना हात सोनाना शे."

सासऱ्यांनी हा टोमणा पुढे दर आखाजीला मारला. आबांनी मात्र पुन्हा भोवरा केला नाही. एकदा मी धीर करून म्हणालो, "आबा, तो भोवरा..."

"रस गरम व्हई राहिना पाव्हना, खा पहिले."

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. भोवरा माझ्याकडेच आहे, अजून निजतो. त्यांच्या बोलीत पाठ केलेलं एक वाक्य तेवढं सांगायचं राहिलं: "आबा, निजना तो भवरा तुमना व्हता. माले माफ करा."