अंगठ्याकडे बघणारा

शेवटची आम्ही तिघांनी मिळून एक कव्वाली ऐकली. मी, माझी बायको आणि गिरीजहून सायकलवर गाण्याच्या तबकड्या आणणारा तो. केळीच्या वाळक्या सोपटांत गुंडाळून आणायचा. भजन, लावणी, नाटकातलं पद, काहीही; गाणारा मात्र नवा हवा. म्हणायचा, "नावाजलेल्यांना माझी काय गरज, काका?" आमच्या फोनोवर गाणं लागलं की तो ऐकणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे. हिचा अंगठा हलला, तरच तो ती तबकडी पुढच्या घरी ऐकवी.

आठवड्याने ही गेली. तेरावं झालं आणि तो नवी तबकडी घेऊन दारात उभा.

"ऐकणारी मेली. कुणाला आणलीस?" मी खेकसलो.

"तुम्हाला. नवा बुवा आहे, भजन गातो. बरा की वाईट, आता तुम्हीच सांगायचं."

"मला गाण्यातलं काय कळतंय, डोंबल?"

"काकींनाही कुठे कळत होतं? पण खोटं बोलायच्या नाहीत."

तबकडी ओट्यावर ठेवून तो गेला. त्या दिवशी मी तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा लावली, मग चालत गिरीजला जाऊन त्याला सांगितलं, "बुवा नुसता रडतो. दुसरा कोणी आण."