मालनबाईचा सूर

कडुबा हिवराळे आणि पार्टी स्टेजवर बसली की सत्यभामाबाईंची जागा ठरलेली असायची. पुढं पेटी घेऊन कडुबा, त्यांच्या उजव्या हाताला ढोलकवाला, आणि मागं कोरसच्या तीन बायका. त्यातल्या मधल्या त्या. माईक दोनच. एक कडुबांच्या तोंडाशी, दुसरा ढोलकीला. कोरसनं आपल्या छातीच्या जोरावर गायचं. अशी एकतीस वर्षं त्या गायल्या. ज्या एका सुरासाठी कडुबांचं नाव जालन्यापासून वैजापूरपर्यंत झालं, तो सूर मुळात सत्यभामाबाईंच्या आईचा होता, हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. सव्वा वर्षापूर्वी कडुबा गेले. तेव्हापासून ते एकट्या सत्यभामाबाईंना माहीत होतं.

कडुबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. पाळी संपली की पेटी. भीमगीतं गायचे, बुद्धगीतं गायचे, पण त्यांची बैठक कव्वालाची. त्याला कारण होतं. त्यांचं गाव खुलताबादच्या डोंगराखाली. उरुसात त्यांची आई दर्ग्याच्या रस्त्यावर पेरूची पाटी घेऊन बसायची, आणि लहानगा कडुबा तिथून निसटून कव्वालांच्या मागं जाऊन बसायचा. हुसेनमियाँ नावाच्या म्हाताऱ्या कव्वालानं त्याला आधी टाळी शिकवली, मग पेटी. एकच ओळ सात वेळा सात तऱ्हांनी म्हणायची, लोकांच्या डोळ्यात बघून म्हणायची, आणि लोक अधीर झाले की मगच पुढची ओळ सोडायची, हे सगळं कडुबांनी त्या माणसाकडून उचललं. हे ते कधी लपवत नसत. हुसेनमियाँचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे.

सत्यभामाबाईंचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. त्यांची आई मालनबाई गाणारी नव्हती. तिला गावात बोलावणं यायचं ते कुणी मेलं की. पूर्वी बाया सुरात रडायच्या. गेलेल्या माणसाचा एकेक गुण आठवायचा, त्याला हाक मारायची, आणि हाकेच्या शेवटी आवाज असा खाली सोडायचा की घरातल्या दगड झालेल्या माणसालाही पाझर फुटावा. मालनबाईचा आवाज खाली उतरताना मधेच एकदा तुटायचा, क्षणभर काहीच नसायचं, आणि मग तो सूर आणखी खालून कुठून तरी उचलला जायचा. लहानपणी सत्यभामा आईच्या मांडीशी बसून हे ऐकायची. रडणं आणि गाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला फार उशिरा कळलं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी, मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोलीत, एका रविवारी दुपारी पार्टीची तालीम चालली होती. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणावरचं नवं गाणं होतं. कडुबांनीच लिहिलेलं. ‘बापा रं, वही उघडी ठेवून गेला’ अशी ओळ होती. कोरसनं ती ओळ धरायची होती. तिसऱ्या वेळी सत्यभामाबाईंचा आवाज ‘बापा रं’वर आपोआप खाली गेला, तुटला, आणि पुन्हा उचलला गेला. बाकीच्या दोघी थांबल्या. त्या स्वतःही दचकल्या.

कडुबांनी भात्यावरचा हात काढला.

“हे काय केलंस?”

“चुकलं.”

“चुकलं नाय. परत म्हण.”

त्यांनी परत म्हटलं. कडुबांनी डोळे मिटून ऐकलं. सगळे गेल्यावर विचारलं, “कुठून आणलंस हे?”

“आईचं हाय. माणूस गेल्यावर रडायची तसं.”

पंधरा दिवस कडुबा त्या एका उतारावर बसले. बायकोकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे, मग पेटीवर शोधायचे. पेटीत तो सूर सापडत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मधे कुठं तरी होता. शेवटी त्यांनी तेवढ्यापुरती पेटी थांबवायची असं ठरवलं. पेटी थांबायची, ढोलकी थांबायची, आणि कडुबांचा एकट्याचा आवाज खाली उतरून तुटायचा.

सहा डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांनी तो पहिल्यांदा लावला. समोर दोन हजार माणूस. पहिल्यांदा बायका रडल्या, मग बाप्ये रडले. एरवी वन्स मोअर देणारी माणसं तोंडाला रुमाल लावून बसली. मागच्या ओळीतून सत्यभामाबाई बघत होत्या. लोक का रडतायत ते त्यांना कळत होतं, लोकांना कळत नव्हतं. ह्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी आपल्या दारात, आपल्या माणसाच्या उशाशी हा सूर ऐकलेला होता. कान विसरले होते, पोट विसरलं नव्हतं.

मग कॅसेट निघाली. कव्हरवर कडुबांचा फोटो, कोटातला. मागं बारीक अक्षरात ‘कोरस : महिला मंडळ’. त्याचं सत्यभामाबाईंना काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच दिवशी. वर्तमानपत्राचा एक माणूस मुलाखतीला घरी आला होता. त्या आत चहा टाकत होत्या. त्यानं विचारलं, “तो तुटणारा सूर तुम्हाला कुठं मिळाला?” आणि कडुबा म्हणाले, “खुलताबादची देन आहे. हुसेनमियाँची मेहेरबानी.”

चहा उकळून उतू गेला तरी त्या बघत राहिल्या.

माणूस गेल्यावर त्यांनी विचारलं, “असं कामून सांगितलं तुमी?”

कडुबांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, “बायांच्या रडण्यातून घेतला म्हणलं असतं तर लोकांनी मान दिला असता का? उस्तादाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं.”

“आन् माझ्या आईला?”

“सांगू की. एकदा स्टेजवरच सांगू.”

ते सांगणं राहून गेलं. माणूस वाईट नव्हता. बायकोवर कधी हात उचलला नाही, पगार आणून हातात ठेवला, पोराला इंजिनिअर केलं. पण तेवढं राहून गेलं. मालनबाई मेली, तिच्या उशाशी सुरात रडायला सत्यभामाबाई एकट्याच होत्या. बाकीच्या बायांनी पदर तोंडात धरला होता. तोवर गावातही तसं रडणं मागासलेलं वाटायला लागलं होतं.

कडुबा गेले तेव्हा ही दोघं चिकलठाण्याच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. फ्लॅट मुलानं, अतुलनं घेऊन दिलेला. तो पुण्याला. हॉस्पिटलातून मयत घरी आणली. लोक पांढऱ्या कपड्यांत शांतपणे येऊन बसले. सत्यभामाबाईंच्या छातीतून काही वर यायला लागलं तसं अतुलनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “आई, इथं मोठ्यानं नको. आजूबाजूला सगळे नवीन आहेत.” त्यांनी ते गिळलं. बुद्धवंदना झाली, जलदानाचा विधी झाला, अतुल पुण्याला गेला.

मग घर फार मोठं झालं. सकाळी उठायचं, दोन पोळ्या करायच्या, एक खायची. पार्टीतली माणसं पांगलेली. कोरसमधली एक वारली होती, दुसरी लेकीकडं सुरतेला. समोरच्या दारात वच्छलाबाई राहायच्या, त्याही विधवा, वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या. मुलगा-सून नोकरीला गेले की दिवसभर एकट्याच. लिफ्टमध्ये भेटल्या की “जेवण झालं का?” एवढंच. दोघींनी एकमेकींचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. का ते दोघींना माहीत होतं आणि त्यावर बोलायचं नसतं हेही.

मार्चमध्ये एके दुपारी बेल वाजली. दारात चोवीस-पंचवीसची एक मुलगी, खांद्याला पिशवी.

“जय भीम मावशी. मी करुणा खरात. गंगापूरहून आले. गाते मी. जयंतीच्या कार्यक्रमात मला कडुबादादांचं गाणं म्हणायचंय. तुमच्या कानावर घालून मगच म्हणावं, असं वाटलं.”

सत्यभामाबाईंना इतका आनंद झाला की पाणी द्यायचंही विसरल्या. करुणानं फोनवर तानपुरा लावला आणि ‘बापा रं’ म्हटलं. आवाज स्वच्छ होता, मेहनतीचा होता. पण तो उतार आला तिथं सत्यभामाबाईंनी मान हलवली.

“कुठं शिकलीस?”

“मोबाईलवर. दादांची कॅसेट नाही सापडली. दुसऱ्या एकानं त्यांचं ऐकून गायलेलं आहे.”

“त्येनं तुटलेलं जोडून टाकलंय. तू जिना उतरल्यागत उतरतीस. पाय सटकला पायजे.”

करुणानं पुन्हा म्हटलं. आणखी चार वेळा म्हटलं. जमेना. “तुम्ही म्हणून दाखवा ना मावशी,” ती म्हणाली.

सत्यभामाबाईंनी ‘बापा रं’ म्हणून बघितलं. त्यांनाही येईना. गाण्याच्या बाजूनं जाऊन तो सूर लागतच नव्हता. मग त्या खाली फरशीवर बसल्या, पदर डोक्यावरून पुढं ओढला, डोळे मिटले, आणि आई जशी सुरू करायची तसं त्यांनी सुरू केलं.

“पेटीच्या धन्या रंऽ… पाळी करून गाणाऱ्या रंऽ… माझ्या लेकराला शिकवणाऱ्या रंऽ…”

सूर खाली गेला, तुटला, खालून उचलला गेला. आता तो त्यांच्या हातात राहिला नाही. सव्वा वर्षाचं साठलेलं सगळं त्या वाटेनं यायला लागलं. “एकटीला तिसऱ्या मजल्यावर ठेवलं रंऽ… माझ्या आईचा सूर नेला रंऽ… सांगतो म्हणला, सांगितला कामून नाय रंऽ…”

करुणा भिंतीला टेकून बसली होती. फोनमधला तानपुरा तसाच चालू होता.

बाहेर दारं उघडली, जिन्यात पावलं वाजली. आधी वॉचमन आला, मग खालच्या मजल्यावरच्या दोघी. त्यांच्या मागून वच्छलाबाई, हाताला पीठ तसंच.

“कोण गेलं?” त्यांनी घाबरून विचारलं.

सत्यभामाबाईंनी डोळे उघडले. “मालक गेले.”

“अवं, ते तर मागच्या वर्षीच्या संक्रांतीत…”

“व्हय. तवाच गेले.”

वॉचमननं चप्पल घातली. खालच्या दोघी “तब्येत सांभाळा काकू” म्हणून उतरल्या. वच्छलाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, पिठाच्या हातानं चौकट धरून. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. त्या वळल्या आणि त्यांनी आपलं दार लावून घेतलं.

करुणानं पिशवी आवरली. तिचा चेहरा उतरला होता.

“कळलं ना आता?” सत्यभामाबाईंनी विचारलं. “असा हाय तो. तो माझ्या मालकाचा नाय, माझ्या आईचा हाय. मालनबाईचा. तुला देते मी, घे.”

“मावशी, राग मानू नका,” करुणा खाली बघत म्हणाली. “माझ्यानं हे व्हायचं नाय. माझी आई जिती हाय.”

सत्यभामाबाईंना राग आला नाही. पोरीचं खरं होतं. त्यांनी तिला चहा दिला, आणि बसस्टॉपवर जायला रिक्षा कुठं मिळते ते सांगितलं.

जयंतीचा कार्यक्रम संध्याकाळी समाजमंदिराच्या सभागृहात झाला. सत्यभामाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, कडुबांच्या पत्नी म्हणून शाल दिली. करुणा छान गायली. तो उतार तिनं घेतलाच नाही, सरळ वरच्या वर ओळ संपवली आणि ढोलकीला खूण केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरुण पोरं मोबाईल वर धरून होती. काही कमी आहे असं कुणाला जाणवलं नाही. ज्यांच्या घरात तसं कुणी रडलंच नाही, त्यांना काय जाणवणार?

एकाला मात्र जाणवलं. कारभारी मगरे म्हणून एस.टी.चे रिटायर कंडक्टर होते. कडुबांचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवलेला नव्हता. ते काठी टेकत जवळ आले.

“वहिनी, पोरगी गोड गाती. पण कडुबाचा तो सूर नाय लागला. तो काळीज काढायचा.”

सत्यभामाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. स्टेजवर नव्हे, खुर्च्यांच्या गर्दीत, पण सांगून टाकावं असं त्यांना वाटलं.

“भाऊ, तो सूर माझ्या आईचा व्हता. मालनबाईचा. ती मयतीला रडायची त्यातला.”

कारभारी हसले. कीव आल्यासारखे, मायेनं.

“नाय वहिनी. तुमच्या ध्यानात नसंल. कडुबा स्वतः सांगायचा, खुलताबादची देन हाय म्हणून. पेपरात आलं होतं की. मी कात्रण ठेवलंय.”

कारभाऱ्यांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. शाल घडी करून पिशवीत टाकली आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला.

करुणाचा व्हिडिओ अतुलनं फोनवर पाठवला. खाली लोकांनी लिहिलं होतं, कडुबादादांची आठवण आली. अतुलनं विचारलं, “बघितलास का?” त्या म्हणाल्या, “बघितला. चांगला हाय.” तो म्हणाला, दिवाळीला येतो.

आता दुपारी सगळे कामावर गेले की त्या खिडक्या लावून घेतात. पदर पुढं घेऊन फरशीवर बसतात आणि आईला हाक मारतात. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. आधी आवाज दबका असतो, मग मोकळा होतो. समोरच्या घरात त्या वेळी मालिका मोठ्या आवाजात लागलेली असते. सत्यभामाबाईंचा पहिला सूर खाली उतरला की तिकडचा टीव्ही बंद होतो. इकडचं संपेपर्यंत बंद राहतो. बेल कधी वाजत नाही.

लिफ्टमध्ये भेटल्या की वच्छलाबाई विचारतात, “जेवण झालं का?”

“व्हय,” सत्यभामाबाई म्हणतात. “तुमचं?”