भीमराजचा डिप्पर

भीमराज खंदारे गोरेगाव-हिंगोली जीप चालवतो आणि मी त्याच्या शेजारच्या सीटवरचा रोजचा मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण डोकं नको तिथं चालवणारा.

पुढं पोलीस वेग मोजत उभे असले, की समोरच्या गाडीला डिप्पर मारून सावध करायचं, हा जीपवाल्यांचा धर्म. भीमराजनं तो बावीस वर्षं पाळला. यंदा त्याची लेक शीतल पोलिसात लागली आणि नेमकी याच रस्त्यावर, वेग मोजणाऱ्या गाडीवर आली. पहिल्याच दिवशी सवयीनं त्याचा हात डिप्परवर गेला. साहेबानं पाहिलं, शीतललाच विचारलं, "कोण आहे हा?" पोरगी घाबरून "माहीत नाही, सर" बोलून गेली.

घरी आल्यावर बापावर उखडली. "बाबा, काहून असं केलं? नोकरी अजून कायम न्हाई माझी. खोटं बोलले हे कळलं तर घरी बसावं लागंल."

भीमराजनं डिप्पर बंद केला. लगोलग त्याच रस्त्यावरच्या हरिचंदची जीप वेगात सापडली, मग फुलसिंगची. स्टँडवर हरिचंद त्याच्या अंगावरच आला.

"आमी सापडून राहिलो, अन् तू कसा सुटतो रे? उद्या सायबालाच इचारतो, ही पोरगी कोनाची म्हनून."

इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी गाडी काढताना भीमराज मला म्हणाला, "मास्तर, आज मी सोताच सापडतो. फोटो निघंल, दंडाची पावती मोबाइलवर येईल, गाडी कोनी थांबवत न्हाई. पावती दाखवली की हरिचंद गप बसंल."

"नसता शहाणपणा करू नकोस," मी म्हटलं. ऐकतो कुठला! पोलीस उभे होते तो फाटा दिसताच त्यानं जीप अशी सोडली, की मागच्या बाया ओरडायला लागल्या. मला तर त्याचा संतापच आला.

साहेब रस्त्यात आडवा आला. "हीच ती डिप्परवाली जीप. लायसन!"

भीमराजचा हात खिशातून बाहेर निघेना. साहेबानं लायसन ओढून घेतलं, नाव मोठ्यानं वाचलं. मग वळून शीतलच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. शीतल भीमराज खंदारे.

"मी वळखत न्हाई या बाईला, सायेब," भीमराज हात जोडून म्हणाला. "आईची आन."

शीतलनं वेग मोजायचं मशीन खाली ठेवलं.

"वडील आहेत माझे, सर."