अक्कांच्या समोरची खुर्ची

अक्का हॉटेलात एकट्या बसून मिसळ खायच्या, आणि तीही रस्त्याकडच्या टेबलावर. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे मुली एकट्या कॉफी घेऊन तासन्तास बसतात. पण मी नव्वदच्या दशकातल्या नाशिकबद्दल लिहिते आहे. तेव्हा बाई हॉटेलात शिरली की वेटर काही न विचारता फॅमिली रूमचा पडदा बाजूला करायचा.

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा त्या शाळेत होत्या. घर त्यांच्यावर आलं, धाकटा भाऊ त्यांच्यावर आला आणि लग्नाचं राहून गेलं. पुढे टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली. आमचं लग्न झालं तेव्हा पंचवटीतल्या घरात त्या होत्याच. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, मला सगळं वेळेवर लागायचं आणि त्यांनाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

नाश्ता मात्र त्या घरी करायच्या नाहीत. पूल ओलांडून गावात जायच्या आणि खाऊन कचेरी गाठायच्या. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. एकदा विचारलंच, ‘‘माझे पोहे आवडत नाहीत का?’’

‘‘पोहे चांगलेच करतेस गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण घरात पानावर बसले की मी उठते. कुणाला पाणी हवं असतं, कुणाला चटणी. बसेपर्यंत माझं गार होतं. कुणीतरी गरम बशी आणून माझ्यापुढे ठेवावी आणि मी हलू नये, एवढंच.’’

गावात चांगला नाश्ता शोधायला त्यांना बरेच दिवस लागले. मेन रोडवरचे पोहे कोरडे, शालिमारजवळचा उपमा चिकट, एका ठिकाणी रश्श्यात नुसतं तेल. ‘‘रविवारी काय, सगळेच चांगलं देतात, गर्दी असते,’’ त्या म्हणायच्या. ‘‘मंगळवारी सकाळी कसं देतात ते बघायचं.’’ शेवटी रविवार कारंजाजवळच्या गल्लीतलं एक लहानसं हॉटेल मंगळवारीही पास झालं.

माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा त्या मला घेऊन गेल्या. वेटर नवा होता.

‘‘ताई, फॅमिली आत बसते.’’

‘‘आम्ही इथेच बसतो.’’

‘‘आत पंखा आहे, ताई.’’

‘‘मग तुम्ही बसा आत थोडा वेळ, घामाघूम झालाय.’’

मालक गल्ल्यावरून हसले आणि म्हणाले, ‘‘अरे, त्यांचं ठरलेलं टेबल आहे ते.’’ मिसळ आली. अक्कांनी आधी नुसता रस्सा चमच्याने चाखला, डोळे मिटले, मग पाव मोडला. तेवढ्यात मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली, तर म्हणाल्या, ‘‘तू माझ्या शेजारी ये. ती असू दे.’’ नंतर एका गृहस्थांनी त्या खुर्चीला हात लावून विचारलं, ‘‘कुणी बसलंय का?’’

‘‘यायचंय,’’ अक्का म्हणाल्या.

कोण यायचं होतं ते मला ठाऊक होतं. तुमचे आजोबा रोज त्याच गल्लीतून ऑफिसला जायचे. अक्कांचं हे बाहेर खाणं त्यांना अजिबात आवडायचं नाही. ‘‘अक्का, भाऊ-भावजय घरात खायला घालत नाहीत असं वाटेल लोकांना,’’ ते म्हणायचे.

‘‘लोकांनाही बस म्हणावं, मिसळ चांगली आहे. तूच ये की एकदा, बाळ. समोरची खुर्ची रिकामीच असते.’’

‘‘मला वेळ कुठे असतो?’’

ते आले नाहीत. हॉटेल जवळ आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने, दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखे निघून जायचे. अक्कांना ते दिसायचं. त्या कधी रागावल्या नाहीत. संध्याकाळी भाजी निवडताना मला म्हणायच्या, ‘‘आज बाळ पलीकडून गेला. निळा शर्ट छान दिसतो त्याला.’’ कधी म्हणायच्या, ‘‘चपलेचा अंगठा तुटलाय का गं त्याचा? पाय ओढत होता.’’

अशी कितीतरी वर्षं गेली. फॅमिली रूमचा पडदा गेला, तिथे जास्तीची टेबलं आली. अक्का निवृत्त झाल्या, तरी सोमवार ते शुक्रवार गावात जातच राहिल्या. आजोबाही निवृत्त झाले. आता वेळ नाही असं म्हणायची सोय नव्हती, तेव्हा म्हणायचे, ‘‘या वयात मला तिखट सोसत नाही.’’

मग अक्का न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी आजोबा मला न सांगता बाहेर गेले आणि मिसळीचं पार्सल घेऊन आले. दोऱ्याने बांधलेली रश्श्याची पिशवी पूल ओलांडून येईपर्यंत निवली होती. मी रस्सा गरम केला. अक्कांनी दोन घास खाल्ले.

‘‘चव तीच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तिथे बसून खायला हवी.’’

‘‘बरी झालीस की जाऊ.’’

‘‘समोर बसशील?’’

‘‘बसेन, अक्का.’’

त्या थंडीत अक्का गेल्या.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. तुम्ही तिला गोदावरी म्हणता, आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पिंडापाशी आजोबा हात जोडून उभे राहिले. कावळ्याला बराच वेळ लागेल, अक्का अडून बसतील, मग आपण वचन देऊ, असं त्यांनी मनाशी धरलं असावं, कारण त्यांचे ओठ हलायला लागले होते. पण पिंड ठेवून गुरुजी बाजूला होतात न होतात तोच कावळा शिवला.

‘‘तृप्त गेल्या हो,’’ गुरुजी म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबा तसेच उभे राहिले. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, ‘‘काही मागितलंच नाही तिने.’’

तेरावं झालं. त्यानंतरच्या मंगळवारी ते सकाळीच आंघोळ करून, निळा शर्ट घालून बाहेर पडले. कुठे जाताय, असं मी विचारलं नाही. परत आले तेव्हा शर्टावर रश्श्याचा लाल थेंब होता. आरामखुर्चीत बसले. मी पाणी दिलं.

‘‘समोर बसलो,’’ ते म्हणाले. ‘‘तिच्या खुर्चीवर कुणीतरी बसायला आलं, तर म्हटलं, यायचंय.’’

मी भांडं घ्यायला हात पुढे केला. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

‘‘गरम होती गं,’’ ते म्हणाले. ‘‘फार गरम होती.’’