‘पुढे’ बटणावर बसलेली ग्रामसभा

"‘पुढे’ दाबा हो बाई, एवढं काय वाचायचं!" साहेब पुन्हा म्हणाले.

जैनीबाईंनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. त्या ग्रामसभेच्या अध्यक्ष. "सगळ्याईले समजल्याशिवाय आमी कुठी अंगठा देत नाई जी. हे बटन म्हंजे बी अंगठाच ना?"

झालं. बसा आता.

मूल या तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. धानोऱ्यापलीकडच्या या जंगलातल्या गावाला मशीन मीच दिलेलं. ते सारखं अडकायला लागलं म्हणून नवी सिस्टम टाकायची होती. सिस्टम म्हणजे ज्याच्यावर सगळं मशीन चालतं तो मूळ प्रोग्राम, आणि ती बसवून देतो तो इन्स्टॉलर. इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह घेऊन नागपूरहून हे साहेब आले होते, एका संस्थेचे ट्रेनर. गळ्यात ओळखपत्र, तोंडात "सिंपल आहे". मला बहुतेक स्क्रू खोलायला बोलावलं असावं, असं त्यांच्या वागण्यावरून वाटत होतं.

त्या मशीनमध्ये गावाचा जीव अडकला होता. वनहक्काच्या जंगलाची हद्द गावानं पायी फिरून जीपीएसवर घेतलेली. कुठला दगड, कुठलं मोहाचं झाड, या खुणा म्हाताऱ्या मासूदादांनी दाखवल्या, आणि उन्हाळ्यात ते गेले. पुन्हा मोजायचं तर दाखवणार कोण? कॉपी होती का? होती की! त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर. म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप.

मी आल्याआल्या म्हटलं होतं, "सर, आधी डेटा बाहेर काढू."

"अहो, तुमच्या दुकानातलं वेगळं. मी पोत्यानं इन्स्टॉल केलेत."

पोत्यानं! बरं बाबा.

पहिल्याच स्क्रीनवर करारनामा आला. लांबलचक मजकूर, खाली ‘मान्य आहे’. तो कोणी वाचत नाही. लिहिणाऱ्यानं तरी वाचला असेल का, देव जाणे. ग्रामसभेनं वाचला. जैनीबाई एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या, मग गोंडीत सांगायच्या, मग सतरंजीवरून प्रश्न. मराठी भाषांतर असं की इंग्रजी परवडलं. मागे एका ठेकेदारानं बांबूतोडीच्या करारावर न वाचता अंगठे घेतले होते, तेव्हापासूनचा हा नियम. साहेबांना माहीत नव्हतं. मला होतं, म्हणून मी चहा मागवला.

"नुकसान झाल्यास निर्माता जबाबदार राहणार नाही," बाईंनी वाचलं आणि थांबल्या. "म्हंजे आमचं पुसलं-बिसलं तं कोनीच जबाबदार नाई? हा तं त्या ठेकेदाराच्याई वरचढ निंगाला!"

सगळे हसले. साहेबही हसले.

"मंग तुमी घेता काय जबाबदारी, साहेब? सगळ्याईसमोर सांगा."

"तसं... म्हणजे... हार्ड डिस्कचा भरवसा नसतो."

"आत्ता तं सिंपल होतं ना जी!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, घ्या तेवढी कॉपी."

घेतली, माझ्या पेन ड्राइव्हवर. उघडून सभेला दाखवली. मग कुठे ‘मान्य आहे’ दाबलं गेलं.

पुढे इन्स्टॉलरनं विचारलं, सोपी पद्धत की तज्ज्ञांची? सोपी म्हणजे अख्खी डिस्क पुसून टाकायची, आणि तिच्यासमोर लिहिलेलं ‘शिफारस’! तज्ज्ञांनी डिस्कचे भाग स्वतः निवडायचे. भाग म्हणजे धानाच्या शेतातल्या बांध्याच, बांध घालून पाडलेले तुकडे; एकीत सिस्टम, दुसरीत आपला माल. पण शेतातल्या बांधीला नाव तरी असतं. इथे नुसती अक्षरं आणि आकडे. नवख्याला काही विचारायचं नाही, जाणत्याला कळेल असं सांगायचं नाही. वा रे शहाणे!

"आमचा माल कोन्त्या बांधीत आहे?" बाईंनी विचारलं.

"मला कळतं ते," म्हणत साहेबांनी माऊस ओढून घेतला, तज्ज्ञांची पद्धत निवडली आणि सभेला न विचारता पुढे, पुढे, पुढे. नवी सिस्टम झकास सुरू झाली. गावाचं फोल्डर मात्र कुठेच नव्हतं. साहेबांनी सिस्टमच्या बांधीसोबत मालाचीही नांगरली होती.

कॉपी माझ्या खिशात होती. मी घाईघाईनं ती लावली. हद्द स्क्रीनवर परत आली. मासूदादांची बायको पुढे आली आणि मोहाच्या खुणेवर बोट ठेवून उभी राहिली. साहेबांचा मला असा राग आला की बोललो असतो तर भांडण झालं असतं.

"इन्स्टॉलरच बेकार आहे," साहेब म्हणाले.

खरंच होता. पण हे त्यांना पुसून झाल्यावर सुचलं.

तेवढ्यात स्क्रीनवर आलं, ‘तुमचा अनुभव कसा होता?’ साहेब ते बंद करायला धावले.

"थांबा," जैनीबाई म्हणाल्या. "आमाले इचारून राह्यला ना तो? मंग सांगा लागते."

पुन्हा गोंडीत चर्चा. सगळ्यांचं एकमत झाल्यावर बाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं: "पुसाच्या आधी सांगत जा, कोनाचं काय पुसून राह्यले. आनि जबाबदारी घ्या." मग ‘पाठवा’ दाबलं.

उत्तर आलं, ‘इंटरनेट उपलब्ध नाही.’

मी आता दुकानात गिऱ्हाइकाला करारनाम्यातली ती जबाबदारीची ओळ मोठ्यानं वाचायला लावतो. वाचली की तो स्वतःच कॉपी मागतो. आणि साहेब हल्ली गावोगाव ‘बॅकअपचं महत्त्व’ शिकवतात म्हणे. सिंपल आहे.