गोधडीखालचं घड्याळ

माझी खोली सदाशिव पेठेत आहे आणि माझा स्टुडिओ त्या खोलीतल्या कपाटात. आत सात गोधड्या, एक माइक आणि एक मी. आवाज असा कोंदतो, की एकदा सोमवारी शिंकले ती शिंक गुरुवारी बाहेर आली. मी ऑडिओबुकं रेकॉर्ड करते आणि साफ करते. साफ करते म्हणजे वाचणाऱ्याच्या जिभेचे चटचट आवाज, त्याच्या पोटातली गुरगुर आणि खालच्या दोन स्कूटरवाल्यांची एकमेकांच्या खानदानाविषयीची मतं काढून टाकते.

आमच्यात पैसे तयार तासाचे मिळतात. ऐकणाऱ्याला एक तास ऐकू येतो, तो तयार करायला पाच लागतात. मधल्या चार तासांना कोणी विचारत नाही.

हे काम मला सरांनी शिकवलं. सर विश्रांतवाडीला एकटे राहतात. तिथे विमानं इतकी खालून जातात, की गच्चीवर वाळत घातलेले पापड वैमानिक मोजून सांगतो. सरांचा पहिला धडा असा, की काम सुरू करण्याआधी तीस सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. नंतर ठिगळं लावायला तीच लागते."

सरांच्या शांततेत एक घड्याळ होतं. त्यांच्या मिसेसनी लावलेलं. त्या गेल्यावरही ते तिथेच राहिलं. जरा हलवलं की बंद पडायचं, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी सर त्यावर गोधडी टाकत. तरी आमच्या कानांना बारीक ऐकू यायचंच. टिक, टिक, आणि मग एक लंगडी, उशिराची टिक.

गेल्या वर्षी एका कंपनीचं बारा पुस्तकांचं काम निघालं. तिथले साहेब फोनवर साखरेचे. मी तासाला चार हजार सांगितले.

"मॅम, दुसरे एक जण अडीचमध्ये करतायत."

काळजावर दगड ठेवून मी दोन हजार म्हटलं. दोन दिवसांनी ते दुसरे अठराशेवर आले. मी सोळाशेवर गेले. त्या दुसऱ्याला मी मनातल्या मनात इतके शाप दिले, की अख्ख्या पेठेतलं दूध नासलं. मग एका सकाळी साहेबांनी त्याचा नमुनाच पाठवला. 'बघा काय क्लीन काम आहे! बाराशे कराल का?'

हेडफोन लावले. काम खरंच स्वच्छ होतं. दोन वाक्यांच्या मध्ये वाचणारा थांबला.

टिक. टिक. आणि ती लंगडी टिक.

मी स्कूटर काढली. सदाशिव पेठ ते विश्रांतवाडी मी त्या दिवशी चार मिनिटांत गेले, सिग्नलसकट.

सरांनी दार उघडलं. "हेल्मेट काढ, आत ऊन नाही."

टेबलावर त्यांचा माइक पुसून खोक्यात ठेवलेला होता. ज्याच्यासमोर मी पहिल्यांदा नीट गप्प बसायला शिकले, तो माइक.

"हे काय, सर?"

"विकतोय. चार वाजता कात्रजहून एक बाई येतायत बघायला."

"पण का?"

"बाजार उतरलाय. कोणी एक बाई सोळाशेत करते म्हणे."

"सर... ती बाई मीच."

"माहितीये. तुझा नमुना पाठवला होता त्यांनी मला. अजून श्वास मुळापासून कापतेस. श्वास कमी करायचा असतो गं, कापला की वाचणारा मेल्यासारखा वाटतो."

आत्ता कुठे मी हेल्मेट काढलं.

"तुला खोलीचं भाडं आहे," सर केबल गुंडाळत म्हणाले. "मला पेन्शन आहे. काल फोन करून मी नाही म्हणून सांगितलं त्यांना."

"काल? आज सकाळी त्यांनी तुमचाच नमुना दाखवून मला बाराशेला पाडायला बघितलं!"

केबल हातातच राहिली. मी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"साहेब, माझे चार हजार."

"मॅम, अहो, ते दुसरे..."

सर पुढे वाकले. "नमस्कार. दुसरा मी. इथे शेजारीच बसलोय. माझेही चार."

पलीकडे अशी शांतता पसरली, की सरांनी सवयीने घड्याळाकडे बघून सेकंद मोजायला सुरुवात केली. "बघून कळवतो," एवढं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

पुढे त्यांनी कळवलं. बारातली सहा पुस्तकं, साडेतीन हजारांनी. तीन सरांना, तीन मला. उरलेली सहा कोणाच्या खोलीत गेली, कोण जाणे. पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं, आणि चारला बेल वाजली.

कात्रजच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलांच्या गोष्टी रेकॉर्ड करतात म्हणाल्या. माइककडे त्यांनी नव्या बाळाकडे बघावं तसं बघितलं.

"तासाला किती घेता आपण?" सरांनी विचारलं.

"पाचशे," बाई ओशाळून म्हणाल्या. "जास्त नाही ना होत? मागायला बरं नाही वाटत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. वरून एक विमान गेलं.

मग सरांनी खोक्याचं झाकण लावलं. "माफ करा, माइक आता विकायचा नाहीये. पण लागेल तेव्हा येऊन वापरा. आणि आत्ता बसा जरा. आधी तुमचे मधले चार तास मोजू." मग मला म्हणाले, "उभी काय राहिलीस? चहा टाक तिघांचा."

टाकला. साखर थोडी जास्त पडली. किलोभर असेल.