काचेतला ताण

शाहूपुरीतल्या काचवाल्या चाचांचे डोळे मी क्वचितच पाहिले. काळा गॉगल घालूनच ते काच तपासत. आभाळाच्या उजेडात ती तिरकी धरायची आणि मान हळूहळू कलती करायची. "आत ताण असला की उजेड फुटतो, रंग सुटतात," असं म्हणत ते गॉगल माझ्या हातात द्यायचे. पिवळे-जांभळे पट्टे मलाही दिसायचे. मला ते नुसतेच सुंदर वाटायचे.

एकदा आमच्या गॅलरीच्या दाराचं कुलूप बदलायला ते घरी आले. ते दार अख्खं काचेचं होतं आणि त्याला लागूनच आईची खाट होती. चाचा बराच वेळ काचेकडेच बघत राहिले.

"आक्कांची खाट हलवा."

"का? कुठं तडा तर न्हाय."

"तडा न्हाय. रंग एका कोपऱ्यात गोळा झाल्यात. आत्ता हलवा की!"

मला हसू आलं. त्यांनी स्वतःच खाट ओढली. आई चिडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुणी हात न लावता, ते दार फुटलं. खाटेच्या जागी काचेच्या खड्यांचा ढीग पडला.

चाचा आले आणि खडे भरू लागले. मी हात जोडले.

"दिसलं ते बोललो," एवढंच ते म्हणाले.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. शेजारच्या बंगल्यासमोर ते थबकले आणि त्यांनी मान कलती केली. तिथं दोन मुली काचेच्या दाराला पाठ टेकून अभ्यास करत होत्या. चाचांनी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.